घंटेची चरबी

प्लोनीला कुनिगुंडच्या दारी मी पाठवले होते, आणि एकदा नव्हे, तीनदा पाठवले होते. हे वाक्य मी योग्य वेळी उच्चारले असते तर पुढील लेखनाचे प्रयोजनच उरले नसते. मी ते अकरा दिवस उशिरा उच्चारले. त्या अकरा दिवसांचा वृत्तांत यथामती लिहून ठेवत आहे, कारण गावात तो आता निराळ्या तऱ्हेने सांगितला जातो आणि त्यात माझी बाजू आहे त्याहून बरी दिसते.

स्वीडनचे सैन्य आमच्या खोऱ्यात उतरण्यापूर्वी बारा वर्षे ही घटना घडली. त्या काळी मी आमच्या गावच्या देवळाचा घंटावाला होतो. हिवाळ्यात मुलांना अक्षरे व आकडे शिकवीत असे, म्हणून लोक मला मास्तर म्हणत. पाद्रीबाबांच्या कपाटातील चार पुस्तके मी वाचली होती. त्यांतील दोन मला समजली होती. प्लोनी, म्हणजे आपोलोनिया, ही पन्नाशीची विधवा. ती देऊळ झाडी, वेदीची वस्त्रे धुई आणि माझ्या धाकट्या मुलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरणारी तिची धर्ममाता होती. तिची जीभ तिखट होती. ती देवळातील संतांच्या मूर्तीही पुसताना बोलून घेई, "बाबा रे, तुझ्या नाकावर तर चिमणीनं संसार मांडलाय," असे.

घंटावाल्याच्या कर्तव्यांपैकी एक मुख्य कर्तव्य वादळाच्या वेळचे. डोंगरामागून काळा ढग निघाला की तो द्राक्षमळ्यांवर येण्याआधी घंटा वाजली पाहिजे. आशीर्वाद दिलेल्या घंटेच्या नादाने गारा फुटतात, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यासाठी घंटा सहज फिरावी लागते आणि सहज फिरण्यासाठी तिच्या आसाला दोन्ही टोकांना चरबी लागते. ह्या कामी दरवर्षी नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला देवळाचे डुक्कर कापले गेले की चरबीचे एक गाडगे घंटावाल्याच्या हवाली होते. ते पुढच्या सणापर्यंत पुरवायचे असते. तो घंटेचा वाटा होय, घंटावाल्याचा नव्हे.

त्या वर्षीचा हिवाळा कठीण गेला. पावाचे धान्य, राय, पिकली नव्हती. माझ्या घरी तीन मुले होती. जानेवारीच्या अखेरीस माझी पत्नी ओटिली गाडग्याकडे पाहून म्हणाली, "एक चमचा घेऊ का हो? घंटेला काय कळतंय?" मी म्हणालो, "एकच घे." ती शिळ्या पावाचे गोळे करून त्या चरबीत परतू लागली. ईस्टरपर्यंत गाडग्याचा तळ दिसू लागला आणि ईस्टरनंतर तोही मुलांनी पावाच्या तुकड्याने पुसून घेतला. घंटेच्या आसाला त्या वर्षी मी एकदाही चरबी लावली नाही. ती किरकिरू लागली तेव्हा प्लोनी म्हणाली, "मास्तर, तुमच्या घंटेला दमा झालाय. एखाद्या वैद्याला दाखवा." मी हसून वेळ मारून नेली.

आता कागदाविषयी लिहितो. माझ्या सासऱ्यांची एक वही माझ्याकडे होती. तीत ताप, हगवण, गाईगुरांचे रोग यांवरचे तोडगे लिहिलेले होते. पाद्रीबाबा व माझ्याखेरीज गावात लेखणी धरणारा कोणी नव्हता आणि पाद्रीबाबा असले काही लिहून देत नसत. त्यामुळे लोक माझ्याकडे येत. जून महिन्यात एका गुरुवारी कुनिगुंड आली. किलियान राउची ही पत्नी, हिचे घर देवळाला लागून. हिची गाय नुकतीच व्याली होती आणि दूध तांबूस व तारेसारखे येत होते.

"करणी आहे मास्तर," ती म्हणाली. "माझ्या गाईला कुणाची तरी नजर लागलीय. तुमच्या वहीत बघा ना काहीतरी."

मी वही उघडली, मजकूर वाचून दाखवला व नकलून दिला. बाधलेल्या गाईचे दूध लोखंडी कढईत उकळावे, उकळताना काटेरी फोकाने झोडपावे, ज्याने करणी केली त्याच्या अंगावर ते फटके उठतात. त्यानंतर तीन दिवस घरातून कोणालाही काही उसने देऊ नये. त्या तीन दिवसांत जी दारी येऊन तीनदा काही मागेल तीच करणारी. कारण सांगू नये, फक्त नाही म्हणावे. कुनिगुंडने सहा अंडी दिली आणि कागद पदराखाली घालून ती गेली.

शुक्रवारी सकाळी तिने दूध झोडपले. हे मला नंतर कळले. मी नकलून देई त्या मजकुराशी माझा संबंध शाई वाळेपर्यंतच असे, आणि गुरुवारी लिहिलेला तो कागद शनिवारी माझ्या डोक्यात अजिबात नव्हता. हे मी बचावासाठी लिहीत नाही. केवळ जे घडले ते असे आहे.

शनिवारी दुपारी जेवण आटोपून मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. डोंगरामागे ढग निघाला. त्याच्या पोटाखालचा रंग हिरवट होता. मी जिना चढून दोर ओढला. घंटा अर्धी कलली आणि अडकली. पुन्हा ओढला तर वरून लाकूड करकरले आणि भिंतीची माती डोक्यावर पडली. आस खोबणीत कोरडा ठाक होऊन बसला होता. प्लोनी खाली झाडत होती. मी वरूनच ओरडलो.

"प्लोनी! कुनिगुंडकडं जा आणि थोडी चरबी आण. ओंजळभर. पळ!"

"तुमचं गाडगं कुठं गेलं?"

"संपलं. जा म्हणतो ना!"

चरबी मागायला तेच एक घर होते. जूनमध्ये इतर कोणाकडे ती उरली नव्हती आणि किलियानने फेब्रुवारीत आणखी एक डुक्कर कापलेले साऱ्या गावाने पाहिले होते. प्लोनी गेली व परत आली. जिन्याखालून तिचा आवाज आला.

"नाही म्हणते. काय झालंय हिला? तोंड असं केलं की जणू मी तिची गायच मागितली."

"घंटेसाठी पाहिजे म्हणून सांगितलंस का?"

"सांगायला वेळ दिला तर ना! दार तोंडावर आपटलं."

"मग जा आणि सांग. देवळाचं काम आहे म्हणावं."

ती दुसऱ्यांदा गेली. ह्या वेळी परतली तेव्हा तिला धाप लागली होती आणि ती चिडलेली होती. "मास्तर, ती खिडकीतून माझ्याकडं बघून बोटं मोजते. तिचं डोकं फिरलंय. तुम्ही स्वतः जा."

ह्या ठिकाणी मी स्वतः जायला हवे होते. परंतु कुनिगुंड मला विचारील की तुमचे गाडगे कोठे आहे, आणि तिच्या घरातून ते सर्व गावात जाईल, ही भीती मला वाटली. प्लोनीने मागितल्यास गोष्ट सामान्य राहील असे मी मनाशी ठरवले. ढग आता वरच्या मळ्यांना टेकला होता.

"शेवटचं जा," मी म्हणालो. "म्हणावं, गाडीच्या चाकाचं वंगण चालेल. खरवडून दे म्हणावं. नाही म्हणाली तरी दारातून हलू नकोस."

प्लोनी तिसऱ्यांदा गेली. सांगितल्याप्रमाणे ती हलली नाही, तिने उंबऱ्यात पाय घालून दार अडवले. कुनिगुंड किंचाळली आणि किलियान फावडे घेऊन धावत आला. इकडे मी दोराला लोंबकळून कशीबशी घंटा फिरवली. तिचा पहिला स्वच्छ टोल पडला तेव्हा गारा सुरू होऊन काही क्षण लोटले होते. गारा कबुतराच्या अंड्याएवढ्या होत्या. एक प्रार्थना सावकाश म्हणून होते तेवढाच वेळ त्या पडल्या. वरचे मळे साफ झाले. खालच्यांतील निम्मे.

रविवारी प्रार्थनेनंतर कुनिगुंड व किलियान अंमलदारांकडे गेले. आमचे गाव एका सरदाराच्या जहागिरीतले आणि त्याच्या वतीने न्यायनिवाडा हे अंमलदारच करीत. दुपारी दोन शिपाई आले व प्लोनीला देवळाच्या अंगणातून घेऊन गेले. सगळे गाव तेथे उभे होते. ती माझ्याजवळून जाताना थांबली.

"मास्तर, सांगा की यांना."

मी म्हणालो, "बघतो." तेवढाच एक शब्द.

त्या क्षणी मला तो कागद आठवला होता. कुनिगुंडने अंगणातच आरडाओरड करून सांगितले होते की, ही तीनदा आली, तीनदा मागितले, कागदात लिहिले आहे तसेच. आणि गारा हिनेच आणल्या, घंटा वेळेवर वाजू नये म्हणून मास्तरांना अडवून धरले. लोक माझ्याकडे सहानुभूतीने पाहत होते.

सोमवारी अंमलदारांचा कारकून माझ्याकडे आला. प्लोनीने सांगितले होते की मास्तरांनी पाठवले. कारकुनाने विचारले, "तुम्ही तिला पाठवलंत?"

"होय, पाठवली."

"किती वेळा?"

मी म्हणालो, "एकदा."

कारकुनाने ते लिहून घेतले. माझ्या मनात असा विचार होता की एकदा चरबी मागणे हे शेजारधर्माचे आहे, त्याला कोणी कारण विचारणार नाही. तीनदा म्हटले तर इतकी निकड का, हा प्रश्न येतो आणि त्या प्रश्नामागे रिकामे गाडगे येते. देवळाच्या वस्तूचा अपहार हा लहान गुन्हा नव्हे. मी असेही समजलो की एकदा म्हटल्याने तिला पुरेसे साहाय्य झाले. प्रत्यक्षात ह्या शब्दाने उलटेच झाले. एकदा मी पाठवली, मग उरलेल्या दोन वेळा ती स्वतःहून गेली, असा अर्थ निघाला. आणि स्वतःहून कोण जाते, हे कागदात लिहिलेलेच होते.

पुढे नऊ दिवस मी काहीही केले नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळच्या घंटा वाजवल्या. एका शेतकऱ्याने वंगण आणून दिले, आता घंटा सुरेख फिरत होती. ओटिली माझ्याशी फक्त कामापुरते बोले. एकदा ती पीठ मळता मळता म्हणाली, "आपल्या पोरीला पाण्यावर तिनं धरलं होतं. विसरलात का?"

"विसरलो नाही."

"मग?"

"मी सांगितलं तर घर जाईल. काम जाईल. तुझंही नाव येईल, गोळे तू केलेस."

"केले," ती म्हणाली. "आणि तुम्ही खाल्ले. घ्या माझं नाव. पण काहीतरी घ्या तोंडातून."

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी गावात बातमी आली की शहरातील जल्लादाला बोलावणे गेले आहे, तो गुरुवारी येणार आणि प्लोनीला यातना देऊन विचारणार. आतापर्यंत तिला नुसते प्रश्न विचारले होते. त्यानंतर काय होते हे खोऱ्यात सर्वांना माहीत होते. शेजारच्या जहागिरीत एकीने सुरुवात केली आणि वर्ष संपेपर्यंत तिघी जाळल्या गेल्या, कारण प्रत्येकीला विचारले जाते की चेटकिणींच्या नाचाला आणखी कोण होते.

त्याच दिवशी मी पाव घेऊन, प्लोनीला कोंडले होते त्या बुरुजाकडे गेलो. पहारेकरी ओळखीचा होता. दाराला हाताएवढी फट होती, तिच्यातून बोलता येत असे. आतून प्लोनीचा आवाज आला. तो नेहमीसारखाच होता, फक्त बसलेला.

"कोण, मास्तर? या, बसा. खुर्ची नाही, मीच गवतावर बसलेय."

"पाव आणलाय."

"ओटिलीनं दिला ना? तुम्हाला सुचलं नसतं." थोडा वेळ ती चावत राहिली. "मास्तर, एक विचारू? तुम्ही पोरांना आकडे शिकवता. एक आणि तीन, यांत किती फरक असतो?"

मी दाराच्या फटीवरचा हात काढून घेतला.

"कारकुनानं वाचून दाखवलं मला. मास्तर म्हणतात एकदा. मी म्हटलं, मास्तर चुकले असतील, घाईत होते. कारकून म्हणाला, मास्तर आकड्यात चुकत नाहीत." ती हसली असे वाटले. "मला माहीतेय हो गाडगं कशानं रिकामं झालं. मार्चमध्ये तुमच्या घराबाहेरून जाताना वास यायचा. मी कुणाला बोलले का? पोरांना खायला नको का?"

"प्लोनी..."

"ऐका. त्या माणसाचं मला भेव वाटतं. शहरातल्या. दुखायला लागलं की माणूस नावं घेतं, मास्तर. मी घेणार नाही असं मी म्हणू शकत नाही. मला किती नावं ठाऊक आहेत? चार-पाच बायका. त्यातली एक ओटिली. माझ्या तोंडून तिचं नाव येऊ नये म्हणून प्रार्थना करा. दुसरं काही जमत नसेल तर तेवढं करा."

हे तिने धमकी म्हणून सांगितले नव्हते. तिला खरोखर तेवढीच काळजी होती. मी घरी आलो. फळीवर ते गाडगे पालथे ठेवलेले होते. मी ते उतरवून पुसले आणि दाराजवळ ठेवले. ओटिलीने ते पाहिले आणि त्या रात्री तिने माझा चांगला कोट झटकून खुंटीला लावला.

बुधवारी सकाळी अंमलदारांसमोर साक्षी वाचण्याचे काम होते. अंमलदार म्हणजे वयस्क, पोटाचा विकार असलेला, सतत बडीशेपेचा काढा पिणारा गृहस्थ. त्यांच्या उजवीकडे पाद्रीबाबा, डावीकडे कारकून, भिंतीशी चार पंच. कुनिगुंड व किलियान पुढे बाकावर होते. प्लोनीला आणलेले नव्हते. मी गाडगे कोटाखाली धरून शिरलो.

"काय रे मास्तर," अंमलदार म्हणाले, "तुला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही, सरकार. माझी साक्ष चुकीची लिहिली गेली आहे."

कारकुनाने मान वर केली. "चुकीची? मी शब्द न् शब्द लिहिलाय!"

"चूक माझी. मी एकदा म्हणालो. मी तिला तीनदा पाठवलं."

कुनिगुंड उभी राहिली. "खोटं! तो तिला वाचवतोय. ती त्याच्या पोरीची धर्ममाता आहे, सरकार. तीनदा आली ती, पाय घातला दारात!"

"पाय मी घालायला लावला," मी म्हणालो. "नाही म्हणाली तरी हलू नकोस, हे माझे शब्द."

अंमलदारांनी काढ्याचा घोट घेतला व पुढ्यातला एक कागद उचलला. मी तो दुरूनच ओळखला. "कुनिगुंडबाईंनी हा पुरावा दिलाय. ह्यात सगळा विधी आहे. अक्षर सुबक आहे. कोणाचं?"

"माझं, सरकार."

पाद्रीबाबांनी डोळे मिटून घेतले. असले तोडगे लिहून देणे धर्माज्ञेविरुद्ध होते आणि त्यांनी मला दोनदा बजावले होते.

"म्हणजे," अंमलदार सावकाश म्हणाले, "तू गुरुवारी लिहून दिलंस की जी तीनदा मागेल ती चेटकीण. आणि शनिवारी स्वतःच एका बाईला तीनदा मागायला पाठवलंस."

"होय."

"मुद्दाम?"

"नाही. विसरलो होतो."

एक पंच हसला व खोकून गप्प बसला. अंमलदार हसले नाहीत. "चरबीची इतकी काय निकड होती? घंटेची चरबी तुला देवळाकडून मिळते. माझ्या सहीनं मिळते. गेल्या मार्टिनला एक गाडगं दिलंय."

मी गाडगे कोटाखालून काढून त्यांच्या मेजावर ठेवले. ते आतून इतके स्वच्छ होते की खिडकीचा उजेड त्यात दिसत होता.

"कुठं गेली चरबी?"

"खाल्ली, सरकार."

"कोणी?"

"मी. माझ्या घरानं. शिळ्या पावाचे गोळे करून. ईस्टरपर्यंत संपली. घंटेला मी थेंबही लावला नाही. म्हणून ती अडकली, म्हणून उशिरा वाजली. त्यात प्लोनीचा काही संबंध नाही."

किलियानचा वरचा मळा पूर्ण गेला होता. तो माझ्याकडे पाहत होता आणि त्याचे ओठ पांढरे झाले होते. "गोळे," तो म्हणाला. "माझी द्राक्षं गेली आणि हे गोळे खात होते."

मग कुनिगुंड हळूच म्हणाली, "सरकार, म्हणजे तीनदा मागणारा हाच झाला." ती उभ्या उभ्याच माझ्यापासून दूर सरकली.

हे वाक्य माझ्या ध्यानात आलेले नव्हते असे नाही. मंगळवारी संध्याकाळी मी त्याचा विचार केला होता आणि त्यावर एक उत्तर तयार केले होते. ते पाठ करून आलो होतो.

"होय, मागणारा मीच. पण सरकार, मी काय मागत होतो ते लिहून घ्यावं. मी घंटा फिरावी म्हणून चरबी मागत होतो. घंटा ह्या पाद्रीबाबांच्या आधीच्या पाद्रीबाबांनी पवित्र पाण्यानं धुतलेली आहे. तिच्या आवाजानं गारा फुटतात. ज्याला गारा पाडायच्या आहेत तो त्या घंटेसाठी एकाच दारी तीन वेळा चरबी का मागेल? त्याला तर घंटा अडकलेलीच बरी. चरबी मागायला जी गेली आणि ज्यानं पाठवली, ते दोघेही घंटेच्या बाजूचे."

अंमलदारांनी पाद्रीबाबांकडे पाहिले. पाद्रीबाबा माझ्यावर अतिशय रागावलेले होते, परंतु ते प्रामाणिक गृहस्थ होते. ते म्हणाले, "तर्क बरोबर आहे. माणूस गाढव आहे, पण तर्क बरोबर आहे. आणि हा कागद पुरावा म्हणून घेता येणार नाही, कारण हा विधी करणं हेच पाप आहे. करायचाच झाला तर खटला हा कागद लिहिणाऱ्यावर आणि दूध झोडपणारीवर करावा लागेल."

कुनिगुंड एकदम खाली बसली.

अंमलदार कारकुनाला म्हणाले, "जल्लाद निघाला असेल का?"

"आज सकाळीच निघाला असणार, सरकार."

"मग वाटेतच गाठा त्याला. इथं आला की दोन दिवस जेवतो आणि माझी वाइन पितो." त्यांनी गाडगे माझ्याकडे ढकलले. "हे घेऊन जा. पुन्हा लागेल तुला."

ते कशासाठी लागणार हे मला रविवारी समजले. सलग तीन रविवार, पहिल्या घंटेपासून प्रार्थना संपेपर्यंत, रिकामे गाडगे सुतळीने गळ्यात बांधून मी देवळाच्या दारात उभा राहिलो. लोक आत जाताना गाडग्यात डोकावत. "मास्तर, गोळे उरलेत का एखादा?" "मास्तर, घंटेला सांगा, आम्हालाही भूक लागलीय." किलियान आत जाताना गाडग्यात थुंकला, तिन्ही रविवारी. संत मार्टिनला घंटेचे काम दुसऱ्याला दिले गेले. मुले शिकायला आणणे लोकांनी बंद केले. तेव्हापासून मी झाडू बांधतो व अर्ज लिहून देतो. तोडगे लिहीत नाही. सासऱ्यांची वही पाद्रीबाबांनी जाळली.

कुनिगुंडच्या गाईचे दूध पंधरा दिवसांत आपोआप साफ झाले.

प्लोनीची सुटका त्याच बुधवारी दुपारी झाली. तिने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली की तुरुंगवासाचा सूड ती कोणावरही उगवणार नाही आणि गावाची सीमा ओलांडणार नाही. देऊळ झाडण्याचे काम तिला परत मिळाले नाही. निर्दोष सुटली हे सर्वांना माहीत होते, परंतु लोक तिला काही उसने देत नसत व तिच्याकडून काही घेत नसत. माझ्याशी ती पूर्वीसारखी बोले. एकच फरक पडला. ती कोणतीही गोष्ट एकदाच मागे. बाजारात सुई मागितली आणि विकणाऱ्याने ऐकले नाही, तर ती पुन्हा म्हणत नसे. वळून घरी जाई. ओटिलीने तिला एकदा विचारले, "अगं, ओरडून सांगायचं ना." ती म्हणाली, "नको गं. एकदा सांगून झालं ना."

पुढच्या वसंतात आमची शेळी व्याली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी झाडूची काडी सोलत मागच्या अंगणात होतो. दारात प्लोनी आली. तिच्या हातात मातीचे भांडे होते. तिची चूल विझली होती.

"ओटिली, निखारा आहे का?"

शेळी वा गाय व्याली की तीन दिवस घरातून विस्तव, मीठ, दूध बाहेर द्यायचे नाही, ही आमच्याकडची रीत. कागदाच्याही आधीची. ओटिलीच्या तोंडून ती रीतच आली. तिच्या मनात वाईट काही नव्हते. ती म्हणाली, "उद्या देते हं प्लोनी. शेळी व्यालीय, आज तिसराच दिवस आहे."

"बरं," प्लोनी म्हणाली आणि वळली.

मी काडी टाकली. चुलीतला सर्वांत मोठा निखारा चिमट्याने उचलला, दुसऱ्या हातात मिठाची वाटी घेतली आणि काखेत ते जुने गाडगे, ज्यात आता आमच्या स्वतःच्या डुकराची चरबी होती. ओटिली म्हणाली, "अहो, शेळी..." आणि मग म्हणाली, "थांबा, दूधही न्या," पण माझे हात भरलेले होते.

प्लोनीला मी तिच्या कुंपणाशी गाठले. तिने निखारा भांड्यात घेतला. मीठ व चरबी तिने घेतली नाही.

"हे मी मागितलं नव्हतं, मास्तर."

"नव्हतं," मी म्हणालो.

ती भांड्यावर फुंकर मारीत आत गेली. थोड्या वेळाने तिच्या धुरांड्यातून धूर निघाला. मी मिठाची वाटी कुंपणावर ठेवली, गाडगे तिच्या शेजारी ठेवले आणि घरी आलो. संध्याकाळी पाहिले तेव्हा वाटी तशीच होती. गाडगे तेथे नव्हते.